इंजिन बांधून आलं आणि हाताला मुंग्या यायला लागल्या

वाचकांचे प्रश्न : दुचाकी

प्रश्न : नमस्कार सर. वडिलांची १९९४ ची यामाहा आरएक्स १०० आहे, पाच-सहा वर्षं नुसती पडून होती, ती आता पूर्ण बांधून घेतली. ब्लॉक ०.५० ला बोअर केला (म्हणजे सिलिंडर अर्धा मिलीमीटर मोठा केला), पिस्टन लोकल कंपनीचा टाकला (ओरिजनल मिळालाच नाही), लेथवाल्याकडून क्रँकला नवीन कनेक्टिंग किट बसवलं, बेअरिंग-सील सगळं नवीन, फ्रेमला पावडर कोटिंग. गाडी अर्ध्या किकला चालू होते, पिकअप पण मस्त आहे. पण ५० च्या पुढे फूटरेस्ट झिणझिणतो, साठ-पासष्टला हाताला मुंग्या येतात, नंबर प्लेटचा नट पडला, टेललाईटचा बल्ब दोनदा गेला. आधी असं कधीच नव्हतं. मिस्त्री म्हणतात नवीन काम आहे, हजार किलोमीटर रनिंग झालं की आपोआप बसेल. एक सांगायचं राहिलं, मॅग्नेट (क्रँकच्या टोकावरचं चुंबकाचं चाक) काढताना पुलर (ते ओढून काढायचं हत्यार) नव्हता म्हणून त्यांनी हातोडीने काढला होता. इंजिन परत उघडावं लागेल का? – एक वाचक, विटा (जि. सांगली)

उत्तर : जे सांगायचं राहिलं म्हणून शेवटी लिहिलंत ना, तेच तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे, पण त्याच्याकडे नंतर येतो. आधी रनिंगचं. मिस्त्रींचं म्हणणं अर्धं खरं आहे. नवीन रिंगा बोअरला घासून बसेपर्यंत इंजिन आवळल्यासारखं चालतं, शिवाय रनिंगसाठी आपण ऑइल जास्त देतो, मिक्श्चर जरा रिच (पेट्रोल जास्त) ठेवतो, त्यामुळे कमी अॅक्सिलेटरवर टू-स्ट्रोक एक आड एक फायर करतं, गाडी धड-धड-धड अशी अडखळत चालते आणि माणसाला वाटतं व्हायब्रेशन आहे. हे रनिंगनंतर, जेटिंग (कार्ब्युरेटरमधून पेट्रोल किती जातं ते) जागेवर आलं की जातं. पण जे व्हायब्रेशन स्पीडबरोबर वाढत जातं आणि एका ठराविक स्पीडला हात बधिर करतं ते वजनाचं किंवा सेंटरचं (फिरणारा भाग सरळ न फिरण्याचं) किंवा ढिल्या बोल्टचं असतं, आणि यातलं काहीही घासून बरं होत नाही. हजार किलोमीटर थांबलात तर नुसते नट गोळा करत बसाल.

पण म्हणून लगेच इंजिन उतरवू नका. आपल्याकडे मधलं काही नसतंच, एकतर "चालतंय की" नाहीतर डायरेक्ट इंजिन टेबलावर. आधी व्हायब्रेशन येतं कुठून ते बघा, त्याला पानासुद्धा लागत नाही. मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरला ५५ ला जा, काय वाटतं ते बघा, मग तिसऱ्याला तेवढ्याच ५५ ला चालवा. तिसऱ्याला वाढलं (कारण आता इंजिन जास्त फिरतंय) तर इंजिनचं. दोन्हीला सारखंच राहिलं तर चाक, टायर, चेन, मागचा स्प्रॉकेट यांच्याकडे बघा. मग ६० ला क्लच दाबून अॅक्सिलेटर सोडा, इंजिन आयडलला येऊ द्या, मुंग्या तिथल्या तिथे थांबल्या तर चाकं निर्दोष सुटली. ही टेस्ट स्टँडवर लावून करू नका, सेंटर स्टँडवर आरएक्सच काय कुठलीही सिंगल सिलिंडर गाडी वेगळीच थरथरते, त्यावरून काही ठरत नाही.

तुमच्या वर्णनावरून इंजिनचंच वाटतंय. तरीही सुरुवात बाहेरून करायची, आणि त्यातही पहिला संशय माझा पावडर कोटिंगवर आहे. गंमत नाही करत. पावडर कोटिंगवाला फ्रेम देताना इंजिनच्या फाउंडेशनची कानं, प्लेटा, बोल्टची भोकं सगळं एकजात रंगवून देतो आणि तो थर साध्या रंगापेक्षा जाड असतो. आपण त्याच्यावरच इंजिन चढवतो, बोल्ट आवळतो, पाना अडतो, वाटतं टाईट झालं. इंजिन तापलं, दोन-चार दिवस हादरलं की मधला रंग दबतो, फुटतो, आणि बोल्टचा ताण गेला. वरून बघायला बोल्ट जागेवरच असतो. एक एक फाउंडेशन बोल्ट काढून बघा, वायसरखाली रंग चुरगळून गोल कडं पडलेलं दिसलं तर समजा हेच. जिथे धातूला धातू टेकतो तेवढीच जागा खरवडून पांढरी करायची, भोकातला रंग योग्य मापाच्या ड्रिलने हाताने फिरवून काढायचा, गंज नको म्हणून ग्रीसचा हलका हात मारायचा आणि बस.

त्यात अजून दोन गोष्टी बघा. एक, बोल्ट मूळ मापाचे आहेत का. पडून राहिलेल्या गाडीचे बोल्ट गंजलेले असतात, मग डब्यातला "चालतोय" बोल्ट घातला जातो, तो एक मिलीमीटर बारीक असतो आणि मग इंजिन पकडून ठेवायचं काम नुसत्या आवळण्यावर राहतं. दुसरं म्हणजे इंजिनचा कान आणि फ्रेमची प्लेट यांच्यात फट आहे का. फट असेल तर बोल्ट आवळून फ्रेम आत ओढायची नाही, तेवढ्या जाडीचा वायसर घालायचा. ओढून बसवलेली फ्रेम कायम ताणात राहते आणि तार ताणली की जशी वाजते तशी वाजते. आवळायची पद्धत अशी, सगळे बोल्ट आधी हाताने आत, एकही टाईट नाही, गाडी जरा हलवून इंजिन आपोआप बसू द्या, मग मागचे, मग खालचे-पुढचे. सायलेन्सर त्याच्यानंतर. सायलेन्सरचा मागचा बोल्ट आधी आवळला आणि मग ब्लॉकाकडचा, तर सायलेन्सर इंजिनाला बाजूला खेचत राहतो, आणि तो पाइप सगळं व्हायब्रेशन फ्रेमला नेऊन पोचवतो. टाकीखालची रबरं, हँडलची रबरं, फूटरेस्टचं रबर हे पण जागेवर आहे ना बघा, रंगकामाला काढलेली रबरं परत येतच नाहीत असा माझा अनुभव आहे, ती रंगाऱ्याकडेच राहतात.

टेललाईटच्या बल्बचं वेगळं. व्हायब्रेशननेच गेला असं धरून चालू नका. गेलेला बल्ब उजेडात धरा. काच स्वच्छ आहे आणि आतली तार तुटून लोंबतेय, तर हादऱ्याने. काच आतून काळी-चंदेरी झालीय तर बल्ब जळालाय, म्हणजे व्होल्टेज जास्त जातंय, रेग्युलेटर किंवा अर्थिंग बघा. पावडर कोटिंगनंतर अर्थिंग जाणं हा पण नेहमीचा प्रकार आहे, रंगावर अर्थची वायर लावून मिळत नाही.

एवढं करून निम्म्या गाड्या सुधारतात. तुमची नाही सुधारली तर आता हातोडीकडे येऊ.

आरएक्सचा क्रँक एकसंध नसतो. दोन जाड चकत्या, मधे प्रेसने ठोकून बसवलेली पिन, पिनवर कनेक्टिंग. सगळं नुसत्या घट्टपणावर उभं आहे. या क्रँकच्या टोकावर मॅग्नेट टेपरवर, म्हणजे निमुळत्या भागावर, बसतो. पुलर न लावता मॅग्नेटला बाजूने किंवा क्रँकच्या टोकाला हातोडी मारली की तो धक्का सरळ पिनेवर जातो आणि दोन चकत्या एकमेकींपासून केसभर सरकतात. केसभर हे बोलायला, पण यामाहाच्या अशा लहान टू-स्ट्रोकला क्रँकचा रनआउट (फिरताना टोक किती डगमगतं ते) साधारण ०.०३ मिलीमीटरच्या आत लागतो, आपला केस त्याच्यापेक्षा जाड असतो. म्हणजे लेथवाल्याने अगदी देवासारखं सेंटर करून दिलं असलं तरी नंतरच्या दोन हातोड्यांनी ते गेलेलं असू शकतं. पुलर काही महाग वस्तू नाही, पुण्यात नाना पेठेत, कोल्हापुरात कुठल्याही स्पेअरच्या दुकानात मिळतो, गाडी बांधायला देताना स्वतः विकत घेऊन मिस्त्रींच्या हातात ठेवावा इतका स्वस्त आहे.

आता हे इंजिन न उघडता तपासता येतं, ते कसं ते सांगतो. मॅग्नेटचं कव्हर काढा, प्लग काढा म्हणजे इंजिन हलकं फिरेल. एक तार वाकवून तिचं टोक मॅग्नेटच्या कडेपासून कागदभर अंतरावर येईल अशी इंजिनच्या केसला बांधा, आणि हाताने मॅग्नेट सावकाश फिरवा. फट कमी-जास्त होतेय का बघा. झाली तर दोनच अर्थ, एकतर मॅग्नेट वाकडा बसलाय किंवा क्रँकच वाकडा आहे. मग मॅग्नेट (पुलरने!) काढा. आतली चावी (मॅग्नेट योग्य जागी अडकवणारा छोटा तुकडा) बघा, तिरपी कापली गेलीय का. चावी अर्धी कापली असेल तर मॅग्नेट थोडा फिरून बसतो, टायमिंग सरकतं, पुढे सरकलं तर इंजिन ठोकायला लागतं, ते पण हाताला व्हायब्रेशनसारखंच लागतं पण जोर लावताना जास्त. टेपरवर मार्करने रेघा मारा, मॅग्नेट दाबून जरासा फिरवा, काढून बघा रेघा सगळीकडून पुसल्यात का एकाच बाजूने. शेवटी क्रँकच्या उघड्या टोकावर डायल गेज (शतांश मिलीमीटर दाखवणारं सुईचं माप). गेज तुमच्याकडे नसणार, ज्याच्याकडे लेथ आहे त्याच्याकडे असतं, मॅग्नेटिक स्टँड घेऊन त्याला गाडीपाशी बोलवा नाहीतर गाडी टेम्पोत घाला. क्रँक बेअरिंगमध्ये बसलेला असताना घेतलेलं रीडिंग शंभर टक्के नाही, पण सुई पाच-सहा शतांश मिलीमीटर हलली तर पुढची चर्चा संपली, क्रँक बाहेर काढायचा. त्याच वेळी क्रँकचं टोक धरून वर-खाली हलवून बघा, नवीन बेअरिंगमध्ये हाताला काहीच लागायला नको.

क्रँक बाहेर आलाच तर लेथवाल्याकडे नुसता टाकून येऊ नका. तिथे उभं राहा आणि व्ही-ब्लॉकवर किंवा सेंटरमध्ये धरून डायल लावून दाखवा म्हणा, दोन्ही टोकांना. चांगला माणूस हसत दाखवतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात असे लोक आहेत की तांब्याच्या हातोडीने एक टोला देऊन सुई बघतील, परत अर्धा टोला देतील आणि शून्याच्या आसपास आणून ठेवतील, बघत राहावं असं काम असतं. जो "दादा, डोळ्याला कळतं" म्हणतो त्याच्याकडून क्रँक परत घ्या. आणि पिन ढिली वाटतेय म्हणून वेल्डिंगचा टाका मारून देतो म्हणाला तर वेल्डिंगच्या आधीचं आणि नंतरचं असं दोन्ही रीडिंग मागा, कारण वेल्डिंगच्या उष्णतेने चकती ओढली जाते. जुना क्रँक बऱ्याच वेळा उघडला असेल तर पिनेचं भोकच मोठं झालेलं असतं, मग टाका मारून काय होणार.

राहिला पिस्टन, आणि खरं सांगू का, सेंटर व्यवस्थित निघालं तर माझा संशय यालाच आहे. सिंगल सिलिंडरचा पिस्टन वर-खाली पळतो आणि त्याला तोलायला क्रँकच्या चकतीत उलट बाजूला वजन ठेवलेलं असतं. ते वजन पिस्टनला पूर्ण तोलत नाही, तोलूच शकत नाही, पूर्ण तोललं तर वर-खालचा हादरा जाऊन तेवढाच हादरा पुढे-मागे सुरू होतो. म्हणून कंपनी साधारण निम्मं वजन तोलते, थोडं इकडे-तिकडे, त्या फ्रेमला काय कमी टोचतं ते बघून. हे गणित कंपनीने स्वतःच्या पिस्टनच्या वजनावर केलेलं असतं. तुम्ही लोकल पिस्टन टाकला, त्याची भिंत जाड, गजन पिन (पिस्टनला कनेक्टिंगशी जोडणारी) जाड, की गणित मोडलं.

किती मोडलं ते बघा. आरएक्सचा बोअर ५० आणि स्ट्रोक पण ५० मिलीमीटर, म्हणजे क्रँकची त्रिज्या २५. सहा हजार आरपीएमला पिस्टन सेकंदाला शंभर वेळा वर-खाली जातो आणि टोकाला वळताना त्याच्यावर गुरुत्वाकर्षणाच्या हजार पट झटका बसतो. म्हणजे प्रत्येक जादा ग्रॅम तिथे एका किलोसारखा वागतो. पिस्टन दहा ग्रॅमने जड असेल तर सहा हजारला दहा किलोचा जादा हादरा, आणि हा वेगाच्या वर्गाने वाढतो, तीन हजारला तोच अडीच किलो असतो, म्हणून गावात फिरताना काही कळत नाही आणि हायवेला हात बधिर होतो. साडेसात हजारला, जिथे ही गाडी तिची ११ पीएस पूर्ण ताकद देते, तिथे पंधरा किलोच्या वर. अर्थात कंपनीच्या नव्या गाडीतही निम्मा न तोललेला हादरा असतोच, त्यामुळे चार-पाच ग्रॅमसाठी डोकं खाऊ नका. वीस-पंचवीस ग्रॅम निघाले तर चोर सापडला.

जुना पिस्टन फेकला नसेल अशी आशा करतो. हेड-ब्लॉक काढायला इंजिन उतरवावं लागत नाही. नवीन पिस्टन, रिंगा, गजन पिन, दोन्ही क्लिपा असा पूर्ण संच वजनकाट्यावर ठेवा, किचनचा ग्रॅम दाखवणारा काटा चालतो, सोनाराकडे गेलात तर उत्तम. मग जुना संच, त्याच्याच पिन-रिंगांसकट. जुना नसेल तर कुठल्या आरएक्सवाल्याकडे ओरिजनल पडलेला असतोच, कोल्हापूर-सांगली पट्ट्यात तर प्रत्येक गल्लीत एक निघेल, आणि मोठ्या मापाचा असला तरी चालेल, ०.२५ आणि ०.५० च्या ओरिजनल पिस्टनमध्ये वजनाचा फार फरक नसतो. दोन पिनांचं वजन वेगळं करून पण बघा, पुष्कळदा सगळा फरक पिनेतच निघतो आणि मग पिस्टन न बदलता भोक मोठं असलेली, पण चांगल्या कंपनीची पिन मिळाली की काम होतं. पिस्टन आतून घासून हलका करून देतो असं कुणी म्हणालं तर नको म्हणा, स्कर्ट (पिस्टनची खालची भिंत) तिथूनच तडकतो. हलका पिस्टन शोधा. ही गाडी १९९६ ला बंद झाली त्यामुळे ओरिजनल शोधायला वेळ जातो, पण शोधत राहिलात तर ०.५० मापाचा मिळू शकतो, घाई करू नका.

क्रँकच्या चकत्यांमधली भोकं कुणी "ट्यूनिंग" म्हणून बुजवली किंवा वाढवली नाहीत ना हे पण लेथवाल्याला विचारा. तसं केलं असेल तर वरचं सगळं गणित सोडून द्या, क्रँक बदला.

तोपर्यंत गाडी गावात चालवायला हरकत नाही. फक्त व्हायब्रेशन दिवसागणिक वाढत चाललं, किंवा खालून घर्रर असा आवाज यायला लागला तर बंद करून ठेवा, पिन सरकत असेल तर ती एकदम जाते आणि जाताना ब्लॉक-केस घेऊन जाते.

प्रश्न : स्प्लेंडरचं ब्लॉक-पिस्टन केलं, त्याच दिवशी चेन-सॉकेट सेट पण बदलला. आता ५० ला गाडी गुणगुणते आणि फूटरेस्टला जाणवतं. न्यूट्रलला रेस केली तर काहीच नाही. मिस्त्री हेड परत खोलू म्हणतायत. खोलू का? – एक वाचक, बार्शी

उत्तर : न्यूट्रलला काही नाही म्हणताय, मग हेडला हात लावू देऊ नका. चेन बघा. नवीन चेन सगळीकडे सारखी नसते, मिस्त्रींनी ती ढिल्या जागी धरून ताण दिला असेल तर घट्ट जागा आली की ती गिअरबॉक्सच्या शाफ्टला खेचते आणि तोच गुणगुणाट. सेंटर स्टँडवर चाक हाताने थोडं थोडं फिरवत प्रत्येक वेळी खालची चेन बोटाने वर-खाली करा, सगळ्यात घट्ट जागा सापडली की तिथे साधारण २० ते ३० मिलीमीटर ढिलेपणा ठेवा, बाकी ठिकाणी जास्त झाला तर होऊ दे. एक्सेलच्या दोन्ही बाजूच्या खुणा सारख्या आहेत ना तेही बघा. घट्ट आणि ढिली यात खूपच फरक निघाला तर सेट परत करा, बिल ठेवलं असेल अशी अपेक्षा आहे.

प्रश्न : जुनी बुलेट ३५० आहे, हँडलच्या टोकाला वजनं लावली तर व्हायब्रेशन कमी होतं का? मित्राच्या नवीन रॉयल एनफिल्ड मीटिअरला अजिबात नाही, मग माझ्या इंजिनात काही खराबी आहे का? – एक वाचक, सातारा

उत्तर : खराबी नाही. तुमच्या इंजिनाचा बोअर ७० आणि स्ट्रोक ९० मिलीमीटर, पिस्टन लांब पळतो आणि त्याला तोलायला क्रँकच्या वजनाशिवाय काही नाही. २०२० च्या मीटिअरच्या इंजिनात वेगळा बॅलन्सर शाफ्ट आहे, तो क्रँकच्या उलटा फिरून उरलेला हादरा खातो, त्यामुळे ती तुलनाच सोडून द्या. हँडलच्या वजनांनी इंजिनचा हादरा कमी होत नाही, हँडल ज्या स्पीडला थरथरतं तो स्पीड सरकतो. तुम्ही नेहमी साठला चालवता आणि थरथर साठलाच असेल तर वजनं लावून ती दुसरीकडे ढकलता येईल, घ्यायच्या आधी मित्राच्या गाडीची काढून दोन दिवस लावून बघा. हेडला फ्रेमशी जोडणारी पट्टी आहे तिचे बोल्ट मात्र आजच बघा, जुन्या बुलेटला ते ढिले नसतील तर मला आश्चर्य वाटेल.